बाकावरून उचललेले आजोबा

एकट्यानं प्रवासाला जायचं ठरल्यावर आल्सीद दुगे यांनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर करारनामा लिहिला. बॅग नंतर. कॅनडातल्या मॉंक्टनच्या पाणीपुरवठा खात्यात अडतीस वर्षं काढलेल्या माणसाला कागदाशिवाय घराबाहेर पाऊल टाकता येत नाही, मग ते पाऊल स्वतःच्या हौसेचं का असेना.

करार त्यांचा आणि त्यांच्या मुलीचा, गिस्लेनचा. फेब्रुवारीत आल्सीद अंगणातल्या बर्फावर घसरले आणि त्यांचं डावं मनगट मोडलं. एकाहत्तराव्या वर्षी मनगट मोडणं हा काही गुन्हा नव्हे. पण त्यांनी ते चार दिवस कोणाला सांगितलंच नाही. हाताला स्वयंपाकघरातला फडका गुंडाळला आणि एका हातानं बटाटे सोलायची एक नवी पद्धत शोधून काढली, जिच्याबद्दल ते पुढेही अभिमानानं बोलत. पाचव्या दिवशी गिस्लेन सहज म्हणून फ्रेडरिक्टनहून आली, तिनं तो हात पाहिला आणि ती जी रडायला लागली ती इस्पितळात पोचेपर्यंत थांबली नाही. मग तिनं ठरवून टाकलं, की हे घर विकायचं आणि पापांनी तिच्याकडे, तळघरातल्या खोलीत राहायला यायचं. खोली चांगली होती. हीटर होता, वेगळी न्हाणी होती आणि खिडकीतून शेजाऱ्याच्या मोटारीची चाकं दिसत. जाताना तिनं त्यांचे बँकेचे कागद, घराचे कागद आणि पासपोर्ट एका खाकी पाकिटात घालून 'सांभाळायला' नेले. मोडलेल्या मनगटापेक्षा आल्सीदना ते पाकीट जास्त दुखलं.

म्हणून करार. तीन दिवस, अनोळखी गावी, एकट्यानं. टूर नाही, ओळखपाळख नाही, आणि कलम तीन: कोणाकडेही कसलीही मदत मागायची नाही. जमलं तर घर विकायचा विषय कायमचा बंद. मुलीला एक जरी फोन केला, तरी पहिला बर्फ पडायच्या आत सामान बांधायचं.

गिस्लेननं कागद दोनदा वाचला. "पापा, मला हे नकोच होतं," ती म्हणाली. मग तुला काय हवं होतं, असं आल्सीदनी विचारलं नाही, कारण सही कुठं करायची ते दाखवण्यात त्यांचं बोट गुंतलं होतं. तिनं सही केली.

गाव कुठलं, हा प्रश्न औषधाच्या दुकानानं सोडवला. त्या दुकानाच्या तीन वर्षांपूर्वीच्या कॅलेंडरवर ऑक्टोबरचं चित्र होतं: नदी, हिरवा लोखंडी पूल, पलीकडे अमेरिका आणि अलीकडे एक रिकामा बाक. खाली नाव, पोर्ताज-दे-सोल. आल्सीदची बायको रोलांद तेव्हा होती. "एकदा इथं जाऊन बसू या," ती म्हणाली होती. "तिथं बघायला काय आहे?" असं आल्सीदनी विचारलं, तर म्हणाली, "काहीच नाही. म्हणून तर." तो ऑक्टोबर तसाच गेला आणि पुढच्या ऑक्टोबरला रोलांद नव्हती. ते पान आल्सीदनी फाडून जपून ठेवलं होतं.

आता एकटा माणूस प्रवासाला निघाला, की त्याला एकटं सोडायचं नाही, असा आमच्या शेजारपाजाऱ्यांचा जुना रिवाज आहे. शेजारचा वाल्मों अकरा वेळा फ्लोरिडाला जाऊन आलेला असल्यामुळे जगाच्या उरलेल्या भूगोलावरही त्याचाच हक्क होता.

"नदीकाठी धुकं असतं," तो म्हणाला. "शिट्टी घेऊन जा."

"कशाला?"

"हरवलास तर फुंकायला."

"शिट्टी फुंकणं म्हणजे मदत मागणं. कलम तीन."

"मग हळू फुंक," वाल्मों म्हणाला.

ज्येष्ठांच्या क्लबाच्या सेक्रेटरी बर्नादेतबाईंना तर हा सगळा बेत स्वतःचा अपमान वाटला. त्यांची बस त्याच आठवड्यात क्वेबेकला निघाली होती. "एकटंच जायचं असेल तर आमच्याच बसमधून एकटे या की," त्या म्हणाल्या. "शेवटच्या रांगेत बसवते. कोणी तुमच्याशी बोलणार नाही, मी सगळ्यांना सांगून ठेवते. पिवळी टोपी मात्र घालावी लागेल." आल्सीदनी नम्रपणे नकार दिला. करारावर साक्षीदार म्हणून वाल्मोंची सही झाली. आल्सीदचा मोबाइल त्यानं एका पाकिटात घातला, त्यावर रुंद चिकटपट्टीचे सात वेढे दिले आणि जोडावर आपली सही ठोकली. हे सील फुटलं की करार फुटला.

बसनं त्यांना हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपाशी उतरवलं. तिथून पोर्ताज चार किलोमीटर. कॅलेंडरवर हे चार किलोमीटर छापलेले नव्हते. आल्सीदनी बॅग उचलली आणि स्वतंत्र प्रवाशाच्या रुबाबात चालायला लागले.

पण त्या खोऱ्यात बॅग घेतलेल्या माणसाला चालू देत नाहीत. पाच मिनिटांत बटाट्याचा ट्रक थांबला. "बसा. कोणाचे तुम्ही?" मग एक मोटार थांबली. "चढा. कोणाचे तुम्ही?" आमच्यात नाव विचारायची पद्धत नाही. नावानं काय कळतं? आमच्यात विचारतात, कोणाचा तू. मग सांगायचं, आल्सीद, फ्रेडचा, दोसितेचा. म्हणजे बाप, मग आजा. तिसऱ्या पिढीपर्यंत गेलं, की ऐकणारा हमखास म्हणतो, अरे, म्हणजे तू आपलाच. आणि एकदा 'आपला' झालात की संपलं. तुमची बॅग त्याच्या गाडीत, तुम्ही त्याच्या जेवणाच्या टेबलावर आणि तुमची बातमी वाऱ्यावर. गिस्लेनची सासू तर ह्याच खोऱ्यातली. दुगे हे आडनाव इथं उच्चारलं, तर दोन तासांत फ्रेडरिक्टनला फोन जाईल, की तुझा बाप रस्त्यानं लंगडत चाललाय. आल्सीदनी दोन्ही गाड्यांना मान हलवून निरोप दिला.

तिसरी निळी व्हॅन होती. आत सत्तरीची एक बाई, बाहीला पीठ लागलेलं.

"बसा हो. पाय मोडतील."

"मला चालायला आवडतं."

"आवडीनं चालणारा माणूस असा लंगडत नाही," बाई म्हणाली आणि धुरळा उडवून निघून गेली.

गावात पोचले तेव्हा आल्सीदच्या दोन्ही टाचांना फोड आले होते. नदीकाठी तो बाक होता, चित्रातला, तस्साच रिकामा. ते त्यावर बसले. नदी शंभर पावलं रुंद, संथ. पलीकडच्या काठावर एक लांबट पांढरी इमारत, तिच्या खिडक्या, तिचे जिने. खरोखरच बघायला काही नव्हतं. आल्सीद बाकाच्या एका कडेला सरकून बसले होते, शेजारी जागा ठेवून. हे त्यांच्या बऱ्याच वेळानं लक्षात आलं आणि मग ते मध्ये सरकले नाहीत.

बाकाच्या पाठीवर पितळेची पट्टी होती: 'तेओफान सिरवा, नावाडी. मृत्यू १९६१. याने सगळ्यांना पलीकडे नेलं.' आल्सीदनी ती वाचली, सवयीप्रमाणे दोनदा वाचली, आणि उठून उतरायच्या घराकडे गेले.

दार उघडलं ते बाहीला पीठ लागलेल्या बाईनं. लोरेट तिचं नाव, पण अख्खं गाव तिला 'मातांत' म्हणतं, म्हणजे मावशी. तिनं आधी त्यांच्या बुटांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "आलात का चालून?" एवढंच म्हणाली. मोठी वही पुढं ओढली, पेन उघडलं आणि विचारलं, "कोणाचे तुम्ही?"

आता पळायला वाट नव्हती. आणि इथं आल्सीदनी जी चूक केली, ती पाणीपुरवठा खात्यातल्याच माणसाकडून होऊ शकते. खात्याचा नियम असा, की अर्जदार मयत असला की फाइल बंद. मेलेल्या माणसाची चौकशी करायला कोणी येत नाही. तेव्हा आजोबा हवेतच, तर मेलेला घ्यावा. "आल्सीद," ते म्हणाले, "तेओफान सिरवांचा नातू." आणि वहीत तसं लिहून सहीसुद्धा केली.

लोरेटमावशीनं पेन खाली ठेवलं.

"ओझियासचा?" तिनं हळूच विचारलं.

ओझियास कोण, याची आल्सीदना कल्पना नव्हती. पण वरिष्ठांनी न वाचलेल्या कागदाबद्दल विचारलं, की मान थोडी तिरकी हलवायची, असं अडतीस वर्षांचं वळण होतं. मान तशी हलली. मावशी आत गेली, एका बाजूनं भाजलेल्या जाळीदार धिरड्यांची, म्हणजे प्लॉयची, चळत आणि काकवी घेऊन आली, ती त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "खा रे, आल्सीद." मघाचं 'अहो-जाहो' गळून पडलेलं आल्सीदच्या लक्षात आलं नाही, कारण भूक लागली होती.

चहा होईपर्यंत घरात अकरा माणसं जमली. प्रत्येकाच्या हातात झाकलेलं भांडं. नावाडी तेओफानला एकच मुलगा, ओझियास. पूल झाला, होडी बंद पडली, बापलेकाचं कडाक्याचं भांडण झालं आणि एक्कावन्न सालच्या मार्चमध्ये ओझियास गोठलेल्या नदीवरून पलीकडे गेला तो गेलाच. चिठ्ठी नाही, सांगावा नाही. चौऱ्याहत्तर वर्षांनी त्याचा मुलगा दारात उभा राहिला, तोही पायी चालत, कोणाच्या गाडीत न बसता. "बापासारखाच ताठ," बटाट्याचा ट्रकवाला म्हणाला. आल्सीदचे कान तपासण्यात आले. ते सिरवांचेच निघाले. टक्कलही सिरवांचं, आणि त्यांच्या फोडांमुळे आलेलं लंगडणं तर सरळ तेओफानचं. एका माणसाचं शरीर इतक्या लोकांनी इतक्या आस्थेनं दुसऱ्याच्या नावावर चढवलेलं आल्सीदनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

"बाप आहे का तुझा?" नव्वदीचे फेर्नांआजोबा काठीवर रेलून विचारत होते.

"नाही. वारले," आल्सीद म्हणाले. हे खरंच होतं, फ्रेड दुगे जाऊन सदतीस वर्षं झाली होती.

खोलीतल्या सगळ्यांनी छातीवर क्रूस काढला. फेर्नां म्हणाले, "माझे स्केट्स घालून गेला तो. नवे होते. कधी काही बोलला का त्याबद्दल?"

आल्सीदनी नाही म्हणून सांगितलं. त्यांना वाटलं होतं तितकं हे सोपं जात नव्हतं. रात्रभर टाचा ठणकत होत्या आणि त्यांना स्केट्सवाले फेर्नां आठवत होते.

सकाळी मावशीनं त्यांना खिडकीशी बोलावलं. "तिकडं बघ. त्या पांढऱ्या वृद्धाश्रमाचा दुसरा मजला, डावीकडून तिसरी खिडकी."

तिसऱ्या खिडकीत काहीतरी पांढरं हलत होतं.

"एमेलीन," मावशी म्हणाली. "तुझी आत्या. शहाण्णव वर्षांची आहे. आमच्या मावसबहिणीनं, तिथं स्वयंपाकाला असते ती, काल सांगितलं तिला. तेव्हापासून तिथं बसलीय. हातात फडका आहे तिच्या. तूही हलव काहीतरी."

आल्सीद खाली बाकाशी गेले. तुम्ही समजता तो मी नव्हे, हे शंभर पावलांवरून कसं सांगायचं? त्यांनी एक हात आडवा हलवला, नाही, नाही अशा अर्थानं. पलीकडचा फडका जोरात हलला. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर घेऊन फुल्या मारल्या. पलीकडच्या शेजारच्या खिडक्यांमध्येही फडके दिसू लागले. त्यांनी मान हलवली, हात जोडले, छातीवर बोट ठेवून मग ते बोट दूर फेकलं. एका संथ गावात सकाळी आठ वाजता एक म्हातारा नदीकाठी एवढे हातवारे करतो, ते आनंदाशिवाय कशानं? तिसऱ्या खिडकीत आता दोन फडके होते. आल्सीद मट्‌कन बाकावर बसले. त्यांना लाज वाटली, आणि ती नेहमीची, कोणी आपल्याला पाहील म्हणून वाटणारी लाज नव्हती.

न्याहारीला त्यांनी मावशीला सगळं सांगितलं. मावशीनं ऐकून घेतलं. मग त्यांच्यासमोरची प्लॉयची थाळी उचलली आणि आत नेऊन ठेवली. थोड्या वेळानं परत आणली.

"खा," ती म्हणाली. "उपाशी माणूस पुन्हा खोटं बोलायचा."

"तुम्ही पलीकडे फोन करून सांगाल का?" आल्सीदनी विचारलं. कलम तीन मोडलं जातंय हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

"तिला फोनवर ऐकू येत नाही. आणि येत असतं तरी केला नसता. आजोबा तू उचललेस, तूच जागेवर ठेवून ये. गावालाही मी काही सांगायची नाही. तेही तुझंच काम."

आल्सीद पुलाकडे निघाले. पलीकडे जायला पासपोर्ट लागतो आणि आपला गिस्लेनच्या पाकिटात आहे, हे लाजेच्या भरात ते विसरले. कोपऱ्यापर्यंत जातात न जातात तोच मागून फेर्नांची काठी वाजली. मग ट्रकवाला आला, मग केक घेतलेली त्याची बायको, आणि बघता बघता अकराही जण मागं. ओझियासचा मुलगा आत्याला भेटायला निघाला आणि गाव घरी बसलंय, असं कसं होईल? त्यांच्या खिशात पासपोर्ट असतातच, पलीकडे दूध आणायला जातानाही लागतात ते.

पुलाच्या दुसऱ्या टोकाशी अमेरिकेची चौकी. चौकीत ब्रिजेट मिशो नावाची बाई ड्यूटीवर होती. तिची आजी अलीकडची, त्यामुळे बोलणं आमचंच, टोपी तेवढी त्यांची.

"नाव?"

"आल्सीद दुगे."

मागचे अकराही जण दोन पावलं पुढं सरकले.

"दमलाय तो," फेर्नां पुढं होऊन म्हणाले. "चौऱ्याहत्तर वर्षांनी घरी आलाय. सिरवा लिही. ओझियासचा आहे."

"मी नाही ओझियासचा," आल्सीद म्हणाले.

"बापाचा राग अजून गेला नाही बघा," ट्रकवाल्याची बायको हळहळली.

"मॅडम, सिरवाच आहे हा. मी स्वतः कान पाहिलेत त्याचे," ट्रकवाला म्हणाला.

"दादा, इथं कान चालत नाहीत," ब्रिजेट म्हणाली. "कागद दाखवा."

आल्सीदनी आरोग्य-कार्ड काढलं. त्यावर दुगे होतं, पण फोटो नव्हता, आणि त्या कार्डावर नदी ओलांडता येत नाही. मावशीच्या वहीत मात्र त्यांच्याच अक्षरात सिरवा लिहिलेलं होतं आणि ते पाहिलेली अकरा माणसं इथं हजर होती. दोन देशांच्या मधोमध, सरकारी अधिकाऱ्यासमोर, आपलं खरं नाव सांगणारा एकटा माणूस आणि ते खोटं ठरवणारे अकरा प्रामाणिक साक्षीदार! खात्यात असा अर्ज आला असता तर आल्सीदनी स्वतः तो फेटाळला असता.

ब्रिजेटनं टोपी काढून टेबलावर ठेवली. "काका, पासपोर्ट नाही तर मला सोडता यायचं नाही. परत जा. नाहीतर कोणाला तरी तो घेऊन यायला सांगा. तुम्हाला ओळखणारं, म्हणजे खरोखर ओळखणारं, कोणी आहे का?"

आल्सीद पुलाच्या कठड्याशी गेले. परत जाणं काहीच अवघड नव्हतं. आजचा दिवस, उद्याचा दिवस, मग बस. सील शाबूत, करार शाबूत. स्वयंपाकघराच्या खिडकीत रोलांदनं कप अडकवायला ठोकलेला पितळी आकडा, जिन्याची तिसरी करकरणारी पायरी, सगळं त्यांचं राहिलं असतं. इथल्या लोकांनी चार दिवस वाट पाहिली असती आणि म्हटलं असतं, बापासारखाच निघाला, न सांगता गेला. पुलावरून तिसरी खिडकी जवळ दिसत होती. फडका आता हलत नव्हता. ती बाई खिडकीच्या काचेला तोंड लावून पुलाकडे बघत होती.

आल्सीदनी खिशातून पाकीट काढलं. वाल्मोंच्या चिकटपट्टीचे सात वेढे दुखऱ्या मनगटानं काही सुटेनात. दातांनीही सुटेनात. शेवटी ते परत चौकीच्या खिडकीशी गेले आणि म्हणाले, "जरा कात्री मिळेल का?"

गिस्लेननं पहिल्याच घंटीला फोन उचलला.

"पापा, पडलात का?"

"नाही. खोटं बोललो."

"कोणाशी?"

"एका गावाशी," आल्सीद म्हणाले. "माझा पासपोर्ट घेऊन ये, बाळा. मला तुझी मदत हवीय."

पलीकडून किल्ल्या उचलल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "निघाले."

ती यायला तीन तास लागणार होते. तेवढ्यात आल्सीदनी पुलावरच्या अकरा जणांना खरं काय ते सांगून टाकलं, बाकाची पट्टी, फाइल बंद करायचा नियम, तिरकी मान, सगळं. ट्रकवाल्याच्या बायकोनं केकचं झाकण घट्ट लावून घेतलं.

"म्हणजे स्केट्सचं काहीच कळायचं नाही," फेर्नां म्हणाले.

"नाही, आजोबा. माफ करा."

फेर्नांनी नदीकडे पाहिलं. "घट्टच होते ते त्याला," ते म्हणाले. मग काठी आपटून विचारलं, "बरं, मग खरा कोणाचा तू?"

"फ्रेडचा. दोसितेचा. लामेक गावचे आम्ही."

"दोसितेची बायको कोण, दोरिला का?" ट्रकवाल्याच्या बायकोचे कान टवकारले. "अरे, माझ्या आजीची सख्खी चुलतबहीण ती. म्हणजे तू आपलाच की." आणि तिनं केकचं झाकण उघडलं. ज्याला भिऊन हे सगळं केलं होतं तेच झालं, आणि आल्सीदनी दोन तुकडे खाल्ले.

गिस्लेन आली ती खाकी पाकीट छातीशी धरून. ब्रिजेटनं पासपोर्टावरचा फोटो पाहिला, आल्सीदकडे पाहिलं आणि ट्रकवाल्याला म्हणाली, "कान दुग्यांचेच आहेत." तिघं पलीकडे गेले: आल्सीद, गिस्लेन आणि वाट दाखवायला, एव्हाना पुलावर येऊन पोचलेली लोरेटमावशी. बाकीचे पुलावर थांबले.

एमेलीन खुर्चीत ताठ बसली होती. केस विंचरलेले, गळ्यात मण्यांची माळ. तिनं आल्सीदना आपल्या खुर्चीसमोर खाली बसायला लावलं, कारण तिला ओठ वाचायचे होते. तिनं त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"कोणाचा तू?" तिनं विचारलं.

"फ्रेडचा. दोसितेचा," आल्सीद हळूहळू म्हणाले. "मी ओझियासचा नाही. मी खोटं बोललो. मला कोणी विचारू नये म्हणून बाकावरचं नाव सांगितलं."

तिचे हात त्यांच्या गालांवर तसेच राहिले, पण त्यांतला जोर गेला. खोलीत घड्याळ वाजत होतं. आल्सीदना वाटलं, आपण मान खाली घालावी, पण तिनं चेहरा धरलेला होता.

"मग त्याचं काहीच कळलं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"आणि एवढं सांगायला तू पूल ओलांडून आलास?"

"हो."

म्हातारीनं हात काढून घेतले आणि मांडीवरच्या फडक्याची घडी घातली, मग उलगडली, मग पुन्हा घातली. "माझा भाऊ," ती शेवटी म्हणाली, "मी येत नाही, एवढं सांगायलासुद्धा कधी आला नाही. तू तर मी तो नव्हे म्हणून सांगायला आलास." तिनं डोळे पुसले, आणि मग आल्सीदच्या पायांकडे बघत लोरेटला म्हणाली, "ह्याच्या टाचांना काहीतरी लाव. आणि त्याला सांग, हात छान हलवतोस. उद्याही हलव म्हणावं. कोणाचाही असेना."

दुसऱ्या दिवशी सकाळी आल्सीदनी बाकाशी उभं राहून हात हलवला. गिस्लेन शेजारी बसून बघत होती, बाकाच्या त्या मोकळ्या बाजूला. मग ते निघाले.

तासाभराचा रस्ता मागं पडला. एक दिवस आधी निघाले होते, सील फुटलं होतं, मदत मागितली होती, फोनही झाला होता. आल्सीद नियमाचे पक्के. "सामान या आठवड्यात बांधायला घेतो," ते म्हणाले. "करार म्हणजे करार. मोठं कपाट वाल्मोंला देतो. तळघरात मावायचं नाही ते."

गिस्लेन रस्त्याकडे बघत राहिली. "पापा, तुम्ही मनगट मोडून चार दिवस बसलात," ती म्हणाली. "मला तुम्ही पडाल याची भीती नव्हती. पडतात माणसं. पडल्यावर तुम्ही मला सांगणार नाही, याची होती. तुम्ही कागदावर लिहून दिलंत, की मी कोणालाही हाक मारणार नाही, आणि त्याच्याखाली माझी सही घेतलीत. मी कशी केली असेल ती?"

सही कुठं करायची ते दाखवणारं स्वतःचं बोट त्यांना आठवलं. ते त्यांनी मुठीत मिटून घेतलं. खिडकीबाहेर नदी कधी दिसत होती, कधी झाडांमागं जात होती.

आणखी दोन तासांनी फ्रेडरिक्टनची पाटी आली. मग उजवीकडचं वळण आलं, आणि गेलं. आल्सीदनी मागं वळून पाहिलं.

"गिस्लेन, तुझं वळण मागं राहिलं."

"पाहिलं मी," ती म्हणाली. एका हातानं तिनं मागच्या सीटवरचं खाकी पाकीट ओढलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. "मॉंक्टनला पोचल्यावर हे तुमच्या कपाटात ठेवा. आणि फोनवर पुन्हा चिकटपट्टी लावू नका."